तीन दिवसांची वाट

फज्रची नमाज आटोपून आम्ही बुलढाण्यातून निघालो तेव्हा साडेसहा वाजले होते. डिसेंबर महिना, शनिवारचा दिवस. सूर्य उगवायला अजून वेळ होता आणि हातमोज्यांतही बोटे गारठत होती. आम्ही तिघे होतो: दोघे भाऊ आणि थोरल्याची सोळा वर्षांची मुलगी. तिघांच्या तीन सायकली. जायचे होते लोणारला. बुलढाण्याहून चिखली सुमारे २४ किलोमीटर, चिखलीहून मेहकर ४२ आणि मेहकरहून लोणार २३. म्हणजे जवळपास ९० किलोमीटरचा पल्ला एका दिवसात, तोही मगरिबच्या आधी.

अम्मी दारात उभी होती. तिने दुआ दिली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, स्कार्फवर बसवलेले हेल्मेट एकदा हलवून पाहिले. आणि गेले आठ दिवस जे म्हणत होती तेच पुन्हा म्हणाली, "ज्या सायकलवरून तुमच्या अब्बांना उतरवायला माझी उमर गेली, तिच्यावर तुम्ही हौसेने बसून चाललात."

आमच्याकडे याला उत्तर नव्हते. ते रस्त्यात मिळाले.

अब्बांचा फेरा

आम्ही मणियार. अब्बा बांगड्या विकायचे. फिरोजाबादहून येणारा माल ठोक व्यापाऱ्याकडून घ्यायचा, काळ्या बावीस इंची सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी दोरीने आवळायची, हँडलला दोन्ही बाजूंनी बांगड्यांचे जुडगे अडकवायचे आणि निघायचे. पहिला मुक्काम चिखलीच्या आसपास एखाद्या गावात, दुसरा मेहकरच्या मशिदीत, तिसऱ्या दिवशी लोणार आणि भोवतालची खेडी. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, नवरात्रात लोणारला कमळजादेवीची. लग्नसराईत हिरव्या चुड्याला मागणी असायची. गावात रोकड कमी, म्हणून बांगड्यांच्या बदल्यात ज्वारी, तूर, कधी तीळ मिळायचे. जाताना काच, येताना धान्य. ओझे दोन्ही वेळा होतेच.

अशी सायकल वाचकांपैकी अनेकांच्या घरात होऊन गेली असेल. बागवानाची फळांची सायकल, पिंजाऱ्याची धनुकली बांधलेली सायकल, कल्हईवाल्याची भाता लटकवलेली सायकल. आपल्या समाजातल्या किती घरांची चूल तिच्या दोन चाकांवर पेटली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पुढे मुले कमावती झाली, दुकाने झाली, मोटारसायकली आल्या. आमच्या घरातली सायकल भंगारात गेली त्या दिवशी अम्मीने शेजारी मिठाई वाटली होती.

अब्बांना शेवटपर्यंत मधुमेह नव्हता. थोरल्याला पंचेचाळिसाव्या वर्षी निघाला. तो आज बावन्न वर्षांचा आहे. कापडाच्या दुकानात गादीवर रोज दहा तास बसतो, घरापासून दुकानापर्यंतचे एक किलोमीटरही स्कूटरवर जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. थोरल्याच्या आठवड्यात तो पंधरा मिनिटेही होत नव्हता. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्याचा त्याला कंटाळा. मग धाकट्याने, जो शाळेत शिक्षक आहे, दोन गिअरच्या सायकली घरी आणल्या. मुलीकडे तिची शाळेची सायकल होतीच.

पहिल्या आठवड्यात येळगावच्या धरणापर्यंत जाऊन यायलाही थोरल्याला दम लागत होता. सहा महिन्यांत आम्ही पाच किलोमीटरवरून साठवर आलो. त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर उतरली, कंबरपट्ट्याची दोन भोके मागे गेली. मग एका रात्री जेवताना तोच म्हणाला, "अब्बांचा फेरा एकदा करून पाहू या."

मुसाफिर कोणाला म्हणावे

निघण्याआधी आम्ही इमामसाहेबांना विचारले होते, की या सफरीत नमाज कसर करायची का? हनफी मतानुसार सुमारे ७८ किलोमीटर किंवा त्याहून दूर जायच्या इराद्याने माणूस आपल्या गावाची हद्द ओलांडतो तेव्हा तो मुसाफिर ठरतो, आणि चार रकाअतींच्या फर्ज नमाजा दोन रकाअतींच्या होतात. लोणार त्या मर्यादेपलीकडे आहे. इमामसाहेब पुढे म्हणाले, "जुन्या काळी हे अंतर किलोमीटरमध्ये नव्हते. मध्यम चालीने तीन दिवसांची वाट, असे होते."

तीन दिवसांची वाट म्हणजे अब्बांचा फेरा. आम्ही घरी येताना गप्प होतो. मोटारीत बसून दोन तासांत लोणारला जाणारा माणूसही मुसाफिरच असतो, त्यालाही सवलत आहे. पण ती सवलत कशासाठी आहे हे त्याच्या पायांना कळत नाही.

तयारी साधीच होती. प्रत्येकाजवळ दोन बाटल्या पाणी, जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, मागे लाल दिवा, अंगावर दुरून दिसेल असे पिवळे जाकीट. खायला खजूर, शेंगदाण्याची चिक्की, मेथीचे पराठे. थोरल्याजवळ साखर तपासायचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडी. डॉक्टरांनी त्याला बजावले होते, की मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन दिवसभर मेहनत केली तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. त्यासाठी त्या सकाळची गोळी अर्धीच घ्यायची आणि दर तासाला काहीतरी खायचे, असे त्यांनी ठरवून दिले होते.

शाळेच्या मुली

येळगावच्या पाण्यावर धुके होते. पैनगंगा आमच्या तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि इथे धरणात अडते. शेकडो किलोमीटर वाहत जाऊन ती वर्ध्याला मिळते, पण येळगावला ती अजून लहान आहे. आम्ही तिला पुन्हा मेहकरला भेटणार होतो.

केळवदच्या पुढे ऊन आले आणि रस्त्यावर मुलींच्या सायकलींची रांग लागली. शनिवार, सकाळची शाळा. दूरच्या गावांतून शाळेत येणाऱ्या मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते. त्यामुळे आठवीनंतर घरी बसणाऱ्या कितीतरी मुली आज शाळेत जाताना दिसतात. आमच्या मुलीने त्यांच्यात सायकल घातली. दोन किलोमीटर त्या सगळ्या बोलत, हसत गेल्या. एकीने विचारले, "कुठं चालली?" हिने सांगितले, "लोणारला." त्यावर ती म्हणाली, "सायकलीवर? घरचे जाऊ देतात?" मुलीने मागे वळून आमच्याकडे बोट दाखवले आणि सगळ्या खिदळल्या.

घरचे जाऊ देतात का, हा प्रश्न आमच्याही नात्यात विचारला गेला होता. एका नातेवाइकांनी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितले होते, की मुलगी मोठी झाली, रस्त्यावर शोभत नाही. थोरल्याने एवढेच उत्तर दिले, "बापाबरोबर आणि चाचाबरोबर चालली आहे." पण शाळेच्या फाटकापाशी ती रांग आत वळली तेव्हा आमच्या लक्षात आले की त्या मुलींबरोबर कोणाचा बापही नव्हता, चाचाही नव्हता. रोज सकाळी त्या एकमेकींच्या सोबतीने येत होत्या.

सव्वाआठला चिखली. पोहे, चहा, पंधरा मिनिटे विसावा. थोरल्याने पोहे अर्धेच खाल्ले. पोट जड वाटते म्हणाला. त्याकडे आमचे लक्ष गेले नाही.

मोकळा माळ

चिखली सुटली की जमीन मोकळी होते. आमच्या जिल्ह्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या सपाट मातीत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. इथे जमीन एकसारखी सपाट नाही, लांबलचक लाटेसारखी उठते आणि बसते. मोटारीतून हा चढ दिसतही नाही. सायकलवर मात्र प्रत्येक चढ मांड्यांत मोजला जातो.

सोयाबीन निघून गेलेली रिकामी शेते, हिरवा हरभरा, पिवळ्या फुलोऱ्यातून शेंगांवर आलेली तूर, कापसाच्या शेतात वाकलेल्या बाया. आणि मध्येच पडीक माळ, वाळलेल्या कुसळी गवताचा. या सरकारी चराईच्या जमिनीला इकडे सगळे 'ई क्लास' म्हणतात. नाव कागदावरचे, पण ते मेंढपाळाच्याही तोंडी आहे. अशाच एका माळावर रोह्यांचा कळप उभा होता, सात-आठ असतील. मोटारीला ते बिचकत नाहीत. आमच्या सायकली थांबल्या तसे त्यांनी कान टवकारले आणि संथपणे दूर गेले.

या मोकळ्या प्रदेशात बघण्यासारखे काय आहे, असे लोक विचारतात. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळत गेली. काही महिन्यांत १३०० किलोमीटरहून अधिक चालून तो आमच्या बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एवढ्या वाटेत त्याला घनदाट जंगल थोडेच लागले असेल. शेते, नाले, ई क्लासचे माळ, यांमधूनच तो आला. मोकळी जमीन रिकामी नसते. ती कोणाची तरी वाट असते.

रोहे पाहायला आम्ही रस्ता सोडून दहा पावले माळावर गेलो होतो, त्याची किंमत लगेच द्यावी लागली. मुलीच्या पुढच्या चाकात सराटा घुसला. हा काटा गवतात असा पडलेला असतो की एक टोक नेहमी वर. धाकटा पुढे सरसावला, तर ती म्हणाली, "चाचा, मी करते." तिने चाक काढले, ट्यूब बाहेर ओढली, टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला. हे फार महत्त्वाचे आहे. काटा न काढता नवी ट्यूब घातली तर तीही फुटते. वीस मिनिटे लागली. हात काळे झाले आणि चेहरा खुलला.

वारा

दहाच्या सुमारास वारा सुटला. हिवाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा उगवतीकडून येतो आणि आम्ही आग्नेयेला चाललो होतो, म्हणजे तो तोंडावर. पावसाळ्यात उलट असते, तेव्हा पश्चिमेचा वारा पाठीवर हात ठेवतो. सायकलवाल्याला चढापेक्षा वाऱ्याचा त्रास जास्त. चढ संपतो, त्याच्यामागे उतार असतो. वाऱ्याला उतार नाही.

यावर उपाय एकच, एकामागे एक चालायचे. पुढचा वारा झेलतो, मागच्यांचे कष्ट बरेच कमी होतात. दोन-दोन किलोमीटरने पुढचा मागे जायचा आणि दुसरा पुढे यायचा. आमचा वेग ताशी पंधरावरून अकरावर आला.

लव्हाळ्याला साखरखेर्ड्याकडे जाणारा रस्ता फुटतो. या साखरखेर्ड्याजवळ १७२४ च्या ऑक्टोबरमध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. मुबारिझ खान पडला, आणि ज्या आसफजाही राज्याने पुढे हैदराबादहून दोनशे वर्षे कारभार केला ते इथून उभे राहिले. धाकटा हे सांगत होता. इतिहास त्याचा आवडता विषय. मुलगी ऐकत होती. थोरला काहीच बोलत नव्हता.

त्याची पाळी पुढे यायची होती, पण तो आला नाही. मागे वळून पाहिले तर पन्नास पावले मागे राहिला होता आणि सायकल रस्त्याच्या कडेकडून डांबराच्या मध्यावर चालली होती. थंड वाऱ्यात त्याच्या कपाळावर घाम होता. "काय झाले?" विचारले तर म्हणाला, "काही नाही, चला." पण ते शब्द जड येत होते. मुलीने सायकल टाकली, धावत जाऊन त्याचे हँडल धरले. त्याला उतरवून बांधावरच्या कडुलिंबाखाली बसवले. बोट टोचले. साखर ६२.

७० च्या खाली साखर म्हणजे धोका. अशा वेळी पराठा उपयोगाचा नाही, तो पचून रक्तात उतरायला वेळ लागतो. लगेच विरघळणारी गोड वस्तू हवी, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज, सुमारे १५ ग्रॅम. मग पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे आणि अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. थोरला शुद्धीवर होता. मुलीने ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळून त्याला पाजली. तिचा हात थरथरत होता, पण पाणी सांडले नाही.

पंधरा मिनिटांनी ८४. मग तो बोलता झाला. आणि सगळे उलगडले. सवयीने त्याने सकाळी पूर्ण गोळी घेतली होती. चिखलीला पोहे टाकले होते. दोनदा खिशातली खजूर खायची आठवण झाली, पण वाऱ्यात थांबले तर आपल्यामुळे उशीर होईल म्हणून खाल्ली नव्हती.

कोण कोणाचे

शेतातून एक आजी आल्या. कापूस वेचत होत्या, ओटी भरलेली तशीच. "काय झालं ह्यायले?" त्यांनी विचारले. सांगितल्यावर म्हणाल्या, "बस व माय, भेऊ नको." हे मुलीला. मग झोपडीतून गुळाचा खडा, पाण्याचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर घेऊन आल्या. थोरल्याने अर्धी भाकर गुळाबरोबर खाल्ली. आजींनी गाव विचारले, मग कोणाचे तेही विचारले. बुलढाण्याचे मणियार म्हटल्यावर त्या थोड्या सरसावल्या.

"एक मणियार यायचा सायकलीवर. लई जुनी गोष्ट. तो दिसायच्या आधी त्याच्या बांगड्या वाजू ये. माह्या लग्नाचा चुडा त्यानंच भरला होता."

ते आमचे अब्बा असतील का? आम्ही वर्णन विचारले. उंच होते म्हणाल्या, दाढी होती म्हणाल्या. त्या काळी या वाटेवर उंच आणि दाढीवाले तीन-चार मणियार तरी फिरत असतील. आजींनाही नक्की सांगता येईना. मग आम्हीच विचारणे सोडले. तो कोणीही असो, त्यालाही कधी या झाडाखाली पाणी मिळाले असेल.

थोरला बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अब्बांना असे झाले असते तर?"

तिथे आम्हाला अम्मीच्या बोलण्याचा अर्थ लागला. अब्बांजवळ यंत्र नव्हते, जादा ट्यूब नव्हती, भाऊ आणि मुलगी मागेपुढे नव्हती. ताप असला तरी पेटी विकावी लागायची, वारा असला तरी मेहकर गाठावे लागायचे, कारण घरी पीठ संपलेले असायचे. आम्ही केव्हाही उतरू शकत होतो. त्यांना उतरता येत नव्हते. सायकल तीच, वाट तीच, फरक एवढाच. अम्मीला सायकलचा राग नव्हता. न उतरता येण्याचा होता.

आणि ज्याला उतरता येत होते तो उशीर होईल म्हणून उतरला नव्हता.

मेहकर

पाऊण तास बसून, साखर तिसऱ्यांदा तपासून, थोरला अगदी सावकाश मेहकरपर्यंत आला. मुलगी त्याच्या मागे, धाकटा पुढे, आणि दर पाच किलोमीटरला थांबून खाणे. दीड वाजता पैनगंगा पुन्हा दिसली. मेहकरला आम्ही जोहर कसर केली, वरण-भात आणि अंडी खाल्ली. मग प्रश्न आला, पुढे काय?

थोरल्याला २३ किलोमीटर सोडवत नव्हते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आज पुन्हा मेहनत नको. एकदा साखर उतरली की त्याच दिवशी पुन्हा उतरण्याचा धोका असतो." थोरल्याने फोन ठेवला आणि मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "अब्बू, उतरायला तर आपण आताच शिकलो." लोणारकडे जाणाऱ्या एका टेम्पोत त्याची सायकल चढवली, तो पुढे बसला.

मशिदीच्या पायरीवर बसलेल्या एका बुजुर्गांना आमच्या सफरीची हकीकत कळली होती. थोरल्याने हसत त्यांना विचारले, "चाचा, आता टेम्पोत बसलो. मी मुसाफिर राहिलो की नाही?" ते म्हणाले, "बेटा, निघताना इरादा कुठला केला होता ते महत्त्वाचे. पायांनी गेलास की चाकांनी, ते कोणी विचारत नाही."

मेहकर-सुलतानपूर हा नागपूर-औरंगाबाद रस्त्याचा तुकडा आहे. मोठ्या गाड्या जोरात जातात, म्हणून पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, आरशात पाहत चालावे लागते. याच तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो, पण त्यावर सायकलला किंवा मोटारसायकललाही परवानगी नाही. सुलतानपूरला लोणारचा रस्ता फुटला आणि पुन्हा शेतांची शांतता मिळाली. वारा पडला होता. मुलगी पुढे होती. शेवटचे दहा किलोमीटर तिने धाकट्याला पुढे येऊ दिले नाही.

धाकटा मागून तिला जगातल्या सायकलस्वारांच्या गोष्टी सांगत होता. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तिघांनी ती १९२८ मध्ये पूर्ण केली. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनहून दोन तरुण सायकलने हजसाठी मक्केला पोहोचले. मुलगी न वळता म्हणाली, "त्यांना सराटे लागले असतील का?"

काचेचे तळे

साडेचारला आम्ही लोणारच्या काठावर होतो. थोरला आधीच येऊन बसला होता, चेहरा ताजा, हातात पेरू. खाली सरोवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खड्डा आकाशातून पडलेल्या उल्केने आमच्या काळ्या बेसाल्ट खडकात केला. त्याचे पाणी खारे आणि क्षारयुक्त आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते तेव्हा सगळ्या देशाने इकडे पाहिले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले.

धाकट्याने आणखी एक गोष्ट सांगितली. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त या तळ्याची नोंद केली आहे. तेव्हा मेहकर हा वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार होता. काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, असे त्यांनी लिहिले आहे.

"काच?" थोरल्याने विचारले. अब्बा आयुष्यभर फिरोजाबादची काच सायकलवर लादून या तळ्याच्या काठी आणत राहिले. त्यांना हे माहीत होते की नाही, कोण जाणे.

असर आम्ही काठावरच, गवतावर रुमाल अंथरून, कसर अदा केली. तिघांच्या गुडघ्यांना कुसळे लागली. तेव्हा त्या दोन रकाअती आम्हाला सवलत वाटल्या नाहीत. दिवसभर चाललेल्या माणसाला कोणी तरी ओळखले, असे वाटले.

मग अम्मीला फोन लावला. थोरल्याने काहीही लपवले नाही, साखर उतरल्याचे, आजींचे, टेम्पोचे, सगळे सांगितले. ती रागावेल असे वाटत होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "वारा समोरून होता का?"

"हो. चिखलीपासून मेहकरपर्यंत."

"थंडीत तसाच असतो. तुमचे अब्बा म्हणायचे, जाताना वारा भांडतो, येताना सोडायला येतो. मी त्यांच्या पेटीला माझी जुनी ओढणी गुंडाळून द्यायचे, वाऱ्यात काच एकमेकीवर आपटू नये म्हणून."

हे ती आम्हाला पहिल्यांदाच सांगत होती. आम्ही उद्या गाडी करून परत यायचे ठरवले होते. ते सांगितले, तर म्हणाली, "थोरल्याला एसटीने पाठवा. तुम्ही दोघे सायकलवर या. पोरगी दमली तर मेहकरला उतरवा, तिथून एसटी मिळते. नाही दमली तर येऊ द्या. वारा पाठीशी आहे."